आठशे सोळा ओळी, आपोआप

वाचताना कुणाला उगीच धाकधूक नको म्हणून आधीच सांगून टाकते. आमच्या अप्पांचं यंदाचं इन्कमटॅक्स रिटर्न मी भरलं. मी म्हणजे दानेश्वरी, दहावी ब. मुदतीच्या आत भरलं, आणि शेवटी संगणकावर बरोबरची हिरवी खूण आली. त्या खुणेचा मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला आहे, हवा असल्यास दाखवीन. मधल्या पाच दिवसांत जे झालं ते ऐकताना शेवट गोड आहे हे लक्षात ठेवा, कारण मधेमधे तसं वाटणार नाही.

भानगड होती अप्पांच्या अडुसष्ट कंपन्यांची. कंपन्या त्यांच्या मालकीच्या नव्हेत. अप्पांचं मार्केट यार्डाजवळ भुसाराचं दुकान आहे, ज्वारी, तूर, हरभरा वगैरे. तीन वर्षांपूर्वी त्यांना शेअरबाजाराचा नाद लागला. पण तो लोकांना लागतो तसला नाही. सिद्धरामेश्वरांनी सोलापूरभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, आणि गड्ड्याच्या यात्रेत अप्पा दर वर्षी नंदीध्वजामागं अनवाणी चालत त्या सगळ्यांना प्रदक्षिणा घालतात. म्हणून त्यांनी कंपन्याही मोजून अडुसष्ट घेतल्या. प्रत्येकीचे शेअर पाच, कारण मंत्र पंचाक्षरी. एकीला जास्त आणि एकीला कमी, असला दुजाभाव नाही.

इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. पण अप्पा पडले भुसारवाले. त्यांच्या धंद्याचा पहिला नियम, जुनं पोतं आधी विकायचं. माल पडून राहिला की कीड लागते. ‘मग शेअरला लागत नसेल कशावरून?’ असा त्यांचा सवाल. त्यामुळं दर अमावास्येला दुकानाची पूजा झाली की ते अडुसष्टच्या अडुसष्ट विकतात आणि दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, ताजे घेतात. बारा अमावास्या गुणिले अडुसष्ट. वर्षाला विक्रीच्या आठशे सोळा ओळी.

या ओळी आमचे टॅक्सवाले बिभीषण सर हातानं टाइप करून घ्यायचे आणि ओळीमागं पाच रुपये लावायचे. गेल्या वर्षी नफा झाला दोन हजार तीनशे, आणि तो लिहायची मजुरी चार हजार ऐंशी. यंदा त्यांचा टायपिस्ट पुण्याला गेला, तेव्हा सर म्हणाले, ओळीमागं दहा.

‘साकू!’ अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणाली.

आमच्या घरात अव्वा कन्नडमध्ये ‘पुरे’ म्हणाली की त्यावर अपील नसतं.

‘गुरुवारी अमावास्या आहे. सगळं विकायचं आणि पाडव्याला काहीही घ्यायचं नाही. त्या पैशाचा गाईला चारा घातला तर पुण्य तरी लागंल.’

अप्पा नुसतं तराजूचं पारडं पुसत राहिले. आमचे अप्पा उंचेपुरे आहेत, मिशा आहेत, पण त्या वेळी ते लहान दिसले. आणि मला राहवलं नाही. जूनमध्ये शाळेच्या परिपाठात माईक बंद पडला असताना मी बिनमाईकचा अख्खा परिपाठ मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला होता. तेव्हापासून मला कुठंच राहवत नाही.

‘टाइप कशाला करायचं?’ मी भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. ‘रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर असतं. ब्रोकरची फाइल त्याला दाखवायची, ते सगळं आपोआप आत ओढून घेतं. एक बटण दाबायचं. मी करते.’

‘तू?’ अव्वा म्हणाली.

‘मी.’

‘गुरुवारपर्यंत?’

‘अगं, उद्यापर्यंत!’

माणसानं थोडी जागा ठेवून बोलावं, हे मला आता कळलेलं आहे.

पहिला प्रश्न पासवर्डचा. ब्रोकरच्या खात्याचा पासवर्ड काय, असं विचारल्यावर अप्पांनी भावफलकाकडं बोट दाखवलं. फळ्यावर शाळूचा भाव, तुरीचा भाव, आणि सगळ्यात खाली इंग्रजी अक्षरांत ‘शाळू@१९७२’. चोराला कळू नये म्हणून भावांत लपवला होता. कुंभारी गावचे एक आजोबा म्हणे दर आठवड्याला विचारायचे, ‘ह्यो कुठला शाळू? एकोणीसशे बहात्तर म्हंजे लई म्हाग हाय की!’ आणि अप्पा सांगायचे, ‘संपला.’

दुसरा प्रश्न ओटीपीचा. मी जुळे सोलापूर भागात घरी संगणकापुढं, अप्पांचा मोबाइल अप्पांसकट दुकानात.

‘सांगा अप्पा.’

‘चार... सात... नाही हो, तूर एकशे पाच... दोन...’

मी एकशे पाचसकट टाकला. तिसऱ्यांदा तूर आत गेल्यावर खात्यानं आम्हाला संध्याकाळपर्यंत बाहेर उभं केलं. मग अप्पा घरी आले, आम्ही आत शिरलो, आणि ‘संपूर्ण कर अहवाल’ नावाची फाइल मी उतरवून घेतली. शनिवार त्यात गेला.

रविवारी साडेचारला मी बटण दाबणार, इतक्यात खालच्या मजल्यावरचे रेवणप्पा काका आणि चंद्रव्वा काकू आले. बातमी गिऱ्हाइकांनी पोचवली होती. काका चौतीस वर्षं बँकेत होते आणि ती चौतीस वर्षं त्यांच्यातून अजून निघालेली नाहीत. काकू पंचांगाशिवाय दूध तापवत नाहीत.

‘थांब गं पोरी,’ काकू म्हणाल्या. ‘साडेचार ते सहा राहुकाळ आहे.’

‘काकू, हे सॉफ्टवेअर आहे.’

‘मग काय झालं? वीज तर वरनंच येते की.’

मी माउसवरचा हात काढला. आम्ही पाच जण दीड तास त्या बटणाकडं बघत बसलो. काकांनी तेवढ्यात, बँकेत संगणक आले तेव्हा त्यांनी त्याला कसा विरोध केला होता आणि तो विरोध शेवटी किती बरोबर ठरला, ते सांगितलं. सहाला मी बटण दाबलं.

चाक फिरलं. अकरा सेकंद.

‘८१६ व्यवहार आयात झाले.’

मी खुर्चीवर उभी राहिले. अप्पांनी डोळे पुसले आणि घाम आल्याचं सांगितलं. काकूंनी शेंगापोळ्या आणल्या. आणि अव्वा म्हणाली, ‘हं.’ अव्वाचं ‘हं’ म्हणजे दुसऱ्यांच्या घरचा फेटा आणि शाल.

‘टॅली केलंस का?’ रेवणप्पा काकांनी शेंगापोळी खाता खाता विचारलं.

‘काय टॅली?’

‘अगं, आयकर खात्याकडं आपल्या प्रत्येक व्यवहाराची यादी असते. आपली यादी आणि त्यांची यादी जुळली पाहिजे. नाहीतर नोटीस येती.’

नोटीस हा शब्द ऐकून हातातली शेंगापोळी अर्धीच राहते हा माझा स्वतःचा अनुभव आहे. मी सरकारी यादी उघडली. अप्पांच्या नावावर विक्रीचे व्यवहार होते चारशे आठ.

आठशे सोळाच्या बरोबर निम्मे.

‘दोनदा घातलंस!’ काका आनंदानं ओरडले. दुसऱ्याची चूक सापडल्यावर बँकेच्या माणसाला होतो तो हा आनंद. ‘बटण दोनदा दाबलंस तू.’

‘एकदाच दाबलं. तुम्ही सगळे बघत होता!’

‘हाताला कळत नाही ते,’ चंद्रव्वा काकू समजूत घालत म्हणाल्या. ‘घाईत माझं पण मीठ दोनदा पडतं.’

रागानं बोललं असतं तर मी भांडले असते. समजूत घातल्यावर माणूस काय करणार? मी खाली मान घालून खालच्या चारशे आठ ओळी पुसल्या. आता आकडा जुळला, पण रकमा जुळेनात. सरकारची एक, आमची दुसरी. सोमवारी शाळेतून आल्यावर सगळं पुसलं, पुन्हा आयात केली, बोट एकदाच पडावं म्हणून डावा हात पाठीमागं धरून. पुन्हा आठशे सोळा. म्हणजे मी दोनदा दाबलं नव्हतं. हे मी घरात जाहीर केलं, जिन्यात जाहीर केलं, आणि कुणीही विश्वास ठेवला नाही. उलट जिन्यात भेटलेल्या दोन शेजारणींनी मिठाची गोष्ट मलाच ऐकवली.

अव्वा मात्र एकदम व्यवहाराचं बोलायला लागली. ‘अहो, गुरुवारी सगळं विकायला किती वेळ लागतो? अकरापर्यंत उरकंल ना?’

अप्पा कंपन्यांची यादी घेऊन खिडकीत बसले होते. एरवी ते मला तीन-तीनदा ‘झालं का गं?’ विचारतात, पण त्या दोन दिवसांत त्यांनी एकदाही विचारलं नाही. ‘राहू दे दानू,’ एवढंच म्हणाले. ‘नाही जमलं तर नाही.’ मला वाटलं, केवढं हे दुःख! बिचारे निरोप घ्यायलेत सगळ्यांचा. मला रात्री जेवण गेलं नाही. म्हणजे नेहमीपेक्षा एक भाकरी कमी गेली.

मंगळवारी रेवणप्पा काकांनी प्रकरण स्वतःच्या हातात घेतलं. ‘स्क्रीनवर बघून काय कळतं? कागद पाहिजे.’ त्यांनी आठशे सोळा ओळी छापून आणल्या, एकतीस पानं. सरकारी यादी मी वाचायची आणि त्यांनी लाल पेन्सिलनं आमच्या यादीवर टिक करायची.

‘पुढची.’

‘काका, तुम्ही झोपलाय.’

‘डोळे मिटून ऐकायलोय. पुढची.’

मंगळवार संध्याकाळ आणि बुधवार संध्याकाळ आम्ही टिका मारल्या. शेवटची टिक पडली तेव्हा काकांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि निकाल दिला, ‘चारशे आठ बरोबर. बाकी चारशे आठ कुणाच्या बापाच्या आहेत, बँकेला माहीत नाही.’

मी पानं जमिनीवर पसरली. आणि वरून उभं राहून बघितल्यावर मला ते दिसलं. टिका विखुरलेल्या नव्हत्या. प्रत्येक अमावास्येच्या गठ्ठ्यात पहिल्या चौतीस कंपन्यांना टिक आणि पुढच्या चौतीस कोऱ्या. बाराही वेळा. चुकीनं दोनदा दाबल्यावर असं होत नाही. चूक इतकी शिस्तीची नसते.

कागदाच्या उजव्या कडेला शेवटचा रकाना अर्धा कापला गेला होता, छापताना पानात मावला नव्हता. मी संगणकाकडं धावले, फाइल उघडली आणि पडदा उजवीकडं सरकवत सरकवत पार टोकाला नेला. आम्ही कुणीच तिकडं गेलो नव्हतो. शेवटच्या रकान्याचं नाव ‘खातेदार’. पहिल्या चौतिसांपुढं सोमशेखर, म्हणजे अप्पा.

पुढच्या चौतिसांपुढं दाक्षायणी.

मी उतरवलेला अहवाल अप्पांचा एकट्याचा नव्हताच, तो अख्ख्या कुटुंबाचा होता. अशा वेळी शहाणी मुलगी वडलांना हळूच बाजूला घेते. मी परिपाठाच्या आवाजात ओरडले, ‘अव्वा! निम्म्या कंपन्या तुझ्या आहेत!’

स्वयंपाकघरातला भाकरी थापण्याचा आवाज थांबला. अव्वा पिठाच्या हातांनी बाहेर आली. अप्पा उभे राहिले, मग बसले, मग पुन्हा उभे राहिले.

‘पूजेला जोडीनं बसतात,’ ते भिंतीकडं बघत म्हणाले. ‘एकट्यानं करणं मनाला बरं वाटत नव्हतं. म्हणून गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याला तुझ्या नावानं खातं काढलं.’

‘माझ्या नावानं? मला न सांगता?’

‘मोबाइलकडं बघून डोळ्यांची उघडझाप केलीस की तू.’

‘ती रेशनकार्डाची केवायसी होती!’

‘रेशनची नव्हती,’ अप्पा म्हणाले.

आता हे कायद्यानं कसं लिहायचं ते मला ठाऊक नव्हतं. अभिमान गिळून मी बिभीषण सरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सरांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा ‘आपोआप!’ म्हणून हसले आणि म्हणाले, ‘मला एकच सांगा. वहिनींच्या खात्यात घातलेला पैसा कुणाचा? सोमशेखरांनी आपल्या खिशातला दिला असेल तर नफा त्यांच्याच रिटर्नमध्ये धरायचा, मग आठशे सोळा बरोबर. वहिनींचा स्वतःचा असेल तर तो वहिनींचा.’

माझा आवाज ऐकून वर आलेल्या काकू पंचांग छातीशी धरून बसल्या.

‘तिचा,’ अप्पा म्हणाले.

‘माझा कुठला?’ अव्वानं विचारलं. ‘माझ्याकडं कुठला आलाय पैसा?’

‘एफडीचा.’

अव्वाचे वडील, म्हणजे आमचे अक्कलकोटचे आजोबा, जाण्याआधी तिच्या नावानं बँकेत पैसे ठेवून गेले होते. ते ती कधी काढत नाही, कधी मोजत नाही, फक्त आहेत म्हणते.

‘मुदत संपली होती,’ अप्पा एका दमात बोलले. ‘रिन्यूचा फॉर्म म्हणून तुझी सही घेतली ती पैसे काढायची होती.’

‘ठेवू का फोन?’ सरांनी विचारलं.

‘थांबा,’ अव्वा म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की मी खुर्चीमागं गेले. मला चारशे आठ ओळी हव्या होत्या, आईबापांचं भांडण नको होतं. मी अप्पांच्या कंपन्या वाचवायला निघाले होते आणि आता अप्पांनाच कोण वाचवणार, असा प्रसंग मी आणला होता.

‘दानू,’ अव्वा म्हणाली. ‘किती उरलेत त्यातले?’

मी हिशेब केला. खात्रीसाठी पुन्हा केला. ‘उरलेत नाही, वाढलेत. तुझा नफा नऊ हजार चारशे तीस.’

‘आणि ह्यांचा?’

‘अप्पांचा तोटा. सात हजार एकशे बारा.’

रेवणप्पा काका पुढं सरकले. ‘असं कसं? बाजार एक, माणूस एक, दिवस एक.’

अप्पांचे कान लाल झाले. ‘तिच्या वडलांचा पैसा तो. त्यात किडकं कसं घालायचं? चांगल्या चांगल्या कंपन्या वेचून तिच्यात घातल्या. उरलेल्या माझ्यात घेतल्या. दुकानातनं घरी ज्वारी आणताना तरी मी दुसरं काय करतो?’

अव्वानं हातावरचं पीठ खरवडलं.

‘विचारायचं होतं,’ ती म्हणाली.

‘विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.’

‘म्हणाले असते की! लई मोठ्यानं म्हणाले असते. पण विचारायचं होतं.’

‘व्हय,’ अप्पा म्हणाले. ‘चुकलं माझं.’

एवढं ऐकायला काका, काकू आणि फोनवर बिभीषण सर हजर होते. अव्वानं एकेकाकडं बघून घेतलं, साक्षीदार मोजल्यासारखं. मग माझ्याकडं वळली. ‘तू कशाला थांबलीस? भर की. आधी ह्यांचं भर.’

मी फक्त अप्पांच्या नावचा अहवाल उतरवला आणि बटण दाबलं. राहुकाळ कुणी विचारला नाही. सहा सेकंद. चारशे आठ. सरकारी यादी, चारशे आठ. रक्कम पैशापर्यंत तीच. सर फोनवरून म्हणाले, ‘मुदतीत भरलंस ना, आता हा तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करता येईल.’ आणि मग हळूच, ‘पोरी, ती फाइल कशी ओढायची ते एकदा ऑफिसात येऊन दाखव. माझ्याकडं अशी आणखी सात गिऱ्हाइकं आहेत.’ मी म्हणाले, बघते, शाळेच्या वेळा सांभाळून. हे वाक्य मी पुढं तीन दिवस निरनिराळ्या कारणांसाठी वापरलं.

मग अव्वाचं. तिचं उत्पन्न टॅक्सच्या मर्यादेखालीच होतं, भरलं नसतं तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, ‘माझ्या नावावर आहे ना? मग माझंही भरायचं.’ तिचा ओटीपी तिनं स्वतः टाकला, एकेक आकडा, कीबोर्डवर पीठ सांडत. हिरवी खूण आली. आठच्या बटणावरचं पीठ मी अजून पुसलेलं नाही.

गुरुवारी सकाळी दुकानात अमावास्येची पूजा होती. दर वेळी अव्वा घरून नैवेद्य पाठवते. त्या दिवशी ती स्वतः आली, इरकल नेसून, आणि अप्पांच्या शेजारी पाटावर बसली. पूजा झाली, सव्वानऊ वाजले, बाजार उघडला. अप्पांनी सवयीनं मोबाइल हातात घेतला.

‘माझ्या चौतीसला हात लावायचा नाही,’ अव्वा म्हणाली.

‘अगं पण जुनं पोतं...’

‘दानूनं दाखवलं मला. प्रत्येक विक्रीमागं पंधरा-सोळा रुपये कापतात. बारा महिने चौतीस वेळा. ते काय कीड खाते का? आणि पोतं उघडल्यावर कीड लागती. मी उघडणारच नाही.’

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी देवाकडं बघितलं.

‘आणि माझे?’ त्यांनी विचारलं.

‘तुमचे तुम्ही बघा,’ अव्वा म्हणाली. मग निरांजनाची वात सारखी करत, ‘आजच्या दिवस राहू द्या. तुमच्यातल्या चांगल्या कुठल्या, ते संध्याकाळी दोघं बसून बघू. पाडव्याला घ्यायला मी काही नाही म्हणत नाही. फक्त मला आधी वाचून दाखवायचं.’

अप्पांनी मोबाइल तराजूशेजारी ठेवला आणि प्रसादाचा नारळ फोडायला घेतला. अडुसष्टच्या अडुसष्ट जागच्या जागी होत्या.

या सगळ्यात माझी प्रार्थनेची घंटा चुकली. वर्गशिक्षकांना चिठ्ठी लागते, म्हणून मी दुकानातच बिलाच्या कागदावर लिहिली, ‘आमच्या घरी भागधारकांची सभा असल्यामुळं दानेश्वरीस उशीर झाला,’ आणि सहीसाठी अव्वापुढं धरली. तिनं पेन घेतलं. सही करणार, एवढ्यात थांबली. कागद उजेडात नेला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली, आणि मगच सही केली.